रुख्माबाईंचा ख

सून म्हणून काजल वाईट नव्हती, पण त्या सुलेखनाच्या पुस्तकानं तिचं डोकं फिरवलं, असं रुख्माबाई साऱ्या नालवाडीत सांगत सुटल्या होत्या. गॅसवर भाजी करपायची आणि ही बया जमिनीवर कागद पसरून नुसत्या उभ्या-आडव्या रेघा ओढत बसायची. आधी हात बसला पाहिजे म्हणे, पुस्तकात लिहिलंय.

"मीठ किती टाकाचं ते नाई लिहिलं काय पुस्तकात?" रुख्माबाई विचारायच्या.

तरी नव्या घराच्या पाटीवर काजलनंच नाव लिहावं, असं मुलानं, धनंजयनं ठरवून टाकलं. बायकोचं कौतुक, दुसरं काय! नाव मात्र आईचं. घर रुख्माबाईंनीच उभं केलं होतं, गवंड्याच्या मानगुटीवर बसून. वास्तुपूजेला येणारं सारं गणगोत फाटकात थांबून आपलं नाव वाचेल, एवढ्यासाठी त्यांनी सुनेच्या रेघा गिळल्या होत्या.

पूजेच्या सकाळी पाटी लागली. अक्षरं देखणी होती, ते त्यांनाही दिसलं. त्यांची शाळा दुसरीतूनच सुटलेली. त्या एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या आणि बोट मधेच अडकलं.

"काजल, हा ख काऊन फाटला?"

"फाटला नाई, आई. अक्षराले श्वास घेऊ द्या लागते. दोन रेघांत ब्रशाएवढी जागा सोडा, असं पुस्तकात हाय."

"मले तं र अन् व दिसून राह्यला."

"तुम्हाले वाचता कितीक येते?" काजल पुटपुटली, ऐकू जाईल इतपत. "शिकलेले लोक बरोबर वाचतात."

रुख्माबाईंनी पदर खोचला. खुर्ची ओढून फाटकातच बसल्या.

पहिला आला आर्वीचा धीरज, जावेचा मुलगा, कॉलेजात शिकवणारा. चष्मा सावरत पाटीपुढं थांबला.

"रु... रव्... रुरव्माबाई? काकू, घर भाड्यानं देल्लं काय? ह्या कोण बाई?"

त्याच्या मागून आलेल्या बाया फिसकन हसल्या. काजल कावरीबावरी होऊन ब्रश आणायला वळली, तसं रुख्माबाईंनी तिचं मनगट धरलं.

"हात नोको लावू पाटीले. पूजा होतवर राहू दे तशीच. येईल त्याले मीच सांगीन, माह्या सुनेनं लिहिलं म्हणून. अन् आयक, काजल. हात झाक हाय तुहा. अकलीतच ब्रशाएवढी जागा सुटली."