दोन थोरल्या

"थोरलीच्या बुडाला परत भोक पडलंय," थोरले धक्क्यावरून ओरडले, आणि तिकिटाच्या रांगेतल्या एका नवख्या गृहस्थाने दचकून खिडकीतल्या बाईंकडे पाहिलं.

"बोटीबद्दल बोलतायत," खिडकीतल्या थोरलीने सांगितलं. "एक का दोन?"

हा खुलासा तिने आयुष्यात इतक्या वेळा केला होता की आता त्यात लाजही उरली नव्हती आणि गंमतही.

बोट आधीची. सासऱ्यांनी घेतलेली ती पहिली इंजिनाची बोट, म्हणून थोरली. बंदर फिरवून दाखवायला नंतर घेतली ती धाकटी. थोरल्यांशी लग्न होऊन घरात थोरली सून आली तेव्हा ते नाव आधीच गेलेलं होतं, पण दुसरं शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासरे जेवताना म्हणाले, "थोरलीचा आवाज फार वाढलाय. उद्या उघडून बघतो." ती दोन दिवस कुजबुजत वावरली. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला, पण कुणी हसलंसुद्धा नाही. सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे होतं.

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले आणि तिकिटाची खिडकी हिच्याकडे आली. खिडकीमागची केबिन कपाटाहून जरा मोठी, कपाटासारखीच कोंदट. एक स्टूल, एक उशी, पाय लांब करायची सोय नाही. पण घरात तिची अशी एकही खोली नव्हती, आणि इथे ती आतून कडी लावू शकत होती. रांगेतलं कोण पलीकडे नोकरीला जातं, कोण सासुरवाडीला आणि कुणाला बोट लागते, हे ती नुसता हात बघून सांगायची. दिवसभर एकच प्रश्न: एक का दोन? झोपेतही विचारायची, असं थोरले सांगत. खरं-खोटं बोटीलाच ठाऊक, कारण रात्री ते बहुधा तिच्यात असायचे, पाणी उपसत.

मग धाकट्या दिरांचा मुलगा शिकून परत आला आणि लॅपटॉपसकट धंद्यात शिरला.

"काकू, लोकांना हल्ली स्टोरी लागते. धक्क्यावर मोठा बोर्ड लावू, आपल्या इतिहासाचा. धंदा सुरू कसा झाला?"

"तुझ्या पणजोबांचे साडू पलीकडे राहायचे. हे रोज होडी वल्हवत त्यांच्याशी भांडायला जायचे. रिकामी होडी कशाला न्यायची म्हणून दोन-चार माणसं बसवायला लागले. पुढे भांडण मिटलं, माणसं येतच राहिली."

पुतण्याने खूप वेळ टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "पलीकडच्या तीराशी नातं जोडण्याच्या ध्यासातून..."

"नातं होतंच की रे. साडू होते."

"काकू, प्लीज. आता थोरलीबद्दल ऐका. 'थोरलीने चाळीस वर्षं एकही खाडा न करता प्रवाशांची सेवा केली. आज ती विश्रांती घेत आहे.'"

"खाडा नाही? वर्षातले दोन महिने पालथी पडलेली असायची, आणि उरलेले दहा हे तिच्या खाली."

"भावना बघा ना, काकू."

"बघते. बोर्ड लावणार कुठे?"

"तुमच्या खिडकीवर." त्याने टेप काढून मापही दाखवलं. "साइज अगदी तंतोतंत. सोमवारपासून तिकिटं मोबाइलवर, खिडकी बंद. किती दगदग केलीत. आता आराम करायचा."

"कुठे बसून?"

पुतण्या प्रेमाने हसला. त्याला वाटलं, काकू विनोद करतायत.

रात्री तिने थोरल्यांना वाढता वाढता विचारलं, "तुम्ही त्याला काही बोलणार आहात का?"

"बोललो की." थोरल्यांनी घास गिळला. "तोंडावर सांगितलं. जन्मभर राबलीये ती या धंद्यासाठी, तिला अशी बाजूला टाकलेली मी खपवून घेणार नाही."

थोरलीचा हात भांड्यावरच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य कधी येईल अशी आशा तिने सोडून दिली होती.

"मग? काय म्हणाला?"

"कबूल झाला. भंगारवाल्याला द्यायची नाही. वर वाळूत ओढून ठेवू, छान रंग देऊन."

थोरलीने त्यांच्यापुढचं ताट उचललं. त्यांचं जेवण अजून व्हायचं होतं.

सोमवारी ती सामान आणायला गेली. सामान म्हणजे उशी, चष्म्याचं घर आणि तिकिटांची उरलेली बंडलं. ती आत आवरत असतानाच बाहेर ड्रिल सुरू झालं. आत कुणी असेल हे पुतण्याच्या ध्यानातच नव्हतं. बोर्ड वरून खाली सरकत आला आणि केबिनमध्ये अंधार झाला. अगदी मिट्ट नाही. तंतोतंत साइज खालून चार बोटं आखूड निघाला होता.

बाहेर कुणीतरी अक्षर लावत वाचत होतं. आवाज तिच्या ओळखीचा, पलीकडे लेकीकडे जाणारे शिंपीकाका.

"एकही खाडा न करता... खरंय बाबा. तापातसुद्धा यायच्या. आहेत कुठे?"

"ती काय, वाळूत ओढून ठेवलीये."

"अरे देवा," शिंपीकाका पुटपुटले.

"बोट आहे ती, काका."

"हो का," शिंपीकाका म्हणाले, पण त्यांच्या आवाजात पटल्याचं काही नव्हतं. "मग तिकीट?"

"मोबाइल काढा, मी शिकवतो."

"मोबाइल लेकीकडे असतो. लेक पलीकडे."

पुतण्याने मोठा श्वास सोडला. "थांबा, काहीतरी बघतो," म्हणाला आणि पावलं लांब गेली.

थोडा वेळ नुसतं पाण्याचं धपधप ऐकू येत होतं. मग कुणीतरी नेहमीच्या सवयीने बोटाच्या पेराने टकटक केलं. काचेवर नव्हे, बोर्डावर. बहुतेक पणजोबांच्या ध्यासाच्या आसपास.

थोरलीच्या काखेत उशी होती, एक पाय दाराकडे होता.

"एक का दोन?" ती म्हणाली.

मग चार बोटांच्या फटीतून सुईने टोचलेला एक हात आत आला.

"एक."

तिने उशी स्टुलावर ठेवली, खाली बसली आणि तिकीट फाडलं.