बाविसावा आवाज

सोमवारी सकाळी आठ पंचावन्नला शिवणकामाच्या कारखान्यात प्रार्थना संपली आणि मोजणी बावीस भरली. रोज ती एकवीस भरायची.

पद्धत जुनी होती. सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं, प्रार्थना म्हणायची आणि शेवटी रांगेने एकेकाने म्हणायचं, "तुझ्या पायाशी मी आहे." मुकादमही डोळे मिटूनच बोटांवर मोजायचे. मोजणी झाली की दाराला आतून कडी. उशिरा आलेल्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर बसायचं.

शर्टांना काजं करणारी बाई, जिला सगळे काजवालीच म्हणत, सहा वर्षं या रांगेत गप्प उभी होती. डोळे उघडे, तोंड बंद. देव आहे असं तिला कधी वाटलं नाही, आणि जो नाही त्याच्या पायाशी हजेरी लावणं तिच्या जिवावर यायचं.

"एकवीस आणि एक मुकी," मुकादम म्हणायचे. हशा पिकायचा. वाईट कुणी वागत नव्हतं. फक्त डबे उघडले की बाकावरची जागा, कशी कोण जाणे, तिच्यापर्यंत येऊन संपायची.

त्या सोमवारी तिच्या पाळीला आवाज आला. तिचाच, किंचित घोगरा. तिने ओठांवर बोट ठेवून पाहिलं. मिटलेले होते.

"बोलली गं बाई, बोलली!" शेजारची इस्त्रीवाली मावशी डोळे उघडताच म्हणाली. "सहा वर्षं काय मुहूर्त बघत होतीस?"

"मावशी, मी नाही म्हटलं."

"बरं, नाही म्हटलंस. आता लाजू नकोस एवढी."

दुपारी मावशीने सरकून बाकावर जागा केली. कुणीतरी काजवालीच्या गुडघ्याची चौकशी केली. तिचा गुडघा दुखतो हे त्यांना माहीत होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मंगळवारी तिने नीट पाहिलं. एकवीस तोंडं आपापल्या पाळीला हलली. तिच्या पाळीला एकही हललं नाही. आवाज मात्र आला, अगदी तिच्या गळ्याच्या उंचीवरून. तिच्या गालाला वाफ लागली, थंडीत कुणी जवळून बोलावं तशी.

बुधवारी मुकादमांनी तिला टेबलाशी बोलावलं. "हे बघ, तुझी थट्टा आजपासून बंद. पण एकदा तोंडाने सांग. तूच म्हणतेस ना?"

तिने मागे पाहिलं. मावशीने बाकावर तिच्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता.

"हो," ती म्हणाली.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "एका 'हो'ने काय आभाळ कोसळतंय? चार माणसं तरी जोडली जातील."

गुरुवारी ती तापाने फणफणली. दिवसभर अंथरुणात होती, नवरा उशाशी. संध्याकाळी तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, मुकादमांना सांगा, उद्याही जमेलसं वाटत नाही."

"उद्याही म्हणजे?"

"आज आले नाही ना मी."

"ताप डोक्यात गेलाय का तुझ्या? दुपारी माझ्या मांडीला मांडी लावून जेवलीस की. किती हसवलंस! आणि काय गं, आवाज का असा येतोय? कुणीतरी वेगळंच बोलतंय असं वाटतंय."

शुक्रवारी ताप उतरला नव्हता, तरी ती निघाली. आठ त्रेपन्नला दारापाशी पोचली. दार लोटलेलं होतं. आत प्रार्थना शेवटाला आली होती. कारखान्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे तिला ठाऊक होतं. ते कायमच पुढे असायचं. ढकललं असतं तर दार उघडलं असतं. पण आपली पाळी ऐकल्याशिवाय तिचा हात पुढे होईना.

मावशीचा आवाज आला. मग तिचा. आज घोगरा नव्हता.

"बावीस," मुकादम म्हणाले. "सगळे आले."

कडी लागली. तिने दार वाजवलं, स्वतःचं नाव घेतलं, पुन्हा वाजवलं. आत मशिनी सुरू झाल्या. त्यांत काजांच्या मशिनीची खडखड तिने ओळखली.

मग एक मशिन थांबली. दारामागून मावशीची हाक ऐकू आली, "अगं, बघ ना जरा, बाहेर कोण आहे?"

पावलं दारापर्यंत आली. उजवा पाय जरा ओढत, गुडघा दुखणाऱ्या माणसासारखी. कडीला हात लागल्याचा आवाज झाला. त्याला आता अकरा मिनिटं झाली आहेत. कडी निघालेली नाही.