अपोलोनियाचा गडगा

मोझेल नदी आमच्या गावापाशी वळते, तिथल्या उभ्या चढणीवर आमचा द्राक्षमळा आहे. त्याला तोलून धरणारा गडगा माझ्या आईनं रचला. अपोलोनिया तिचं नाव. बाबा चढणीवरून पडले, कमरेतून अधू झाले. त्यानंतर सलग तीन हिवाळे तिनं आणि मी लिहायच्या पाटीसारखे काळे, चपटे दगड वर वाहिले. चुना नाही, चिखल नाही. दगडाला दगडाचीच कूस. पावसानं माती खाली नेली की टोपलीत भरायची, पाठीवर घ्यायची, पुन्हा वेलींच्या पायाशी. खाली गेलेलं वर आणण्यातच आईचा जन्म गेला.

गेल्या उन्हाळ्यात गावसमितीनं त्या गडग्यावर पितळी फलक बसवला: 'रोमन भिंत, दुसरे शतक'.

खाली रस्त्याकडेला खरीखुरी रोमन कुंडं आहेत, द्राक्षं तुडवायची. ती बघायला बोटीतून पाहुणे उतरतात आणि मास्तरांचा फोल्कर शिरस्त्राण घालून त्यांना फिरवतो. कुंडं झाली की पेलाभर रीसलिंग वाइन, मग आमचा गडगा. मी समितीपुढे जाऊन भांडले. पुरावा आण म्हणाले. आईनं काय दगडादगडावर सही करायची होती? फोल्कर मात्र गोड बोलला.

"गेर्लिंडमावशी, तुझ्या आईसाठी कोण बोटीतून उतरणार गं?"

ते वाक्य हिवाळाभर माझ्या मनातून गेलं नाही.

मार्चात बर्फ वितळलं, गडग्याला पोट सुटलं, आणि ईस्टरच्या तोंडावर मधला वावभर, पसरल्या हातांएवढा भाग ढासळला. समितीचा निरोप आला, लवकर रचून दे. असा गडगा रचणारं गावात दुसरं कुणी उरलेलं नाही. मी कळवलं, दुसऱ्या शतकातल्यांना बोलवा.

शेवटी फोल्करच आला, लाल झगा, शिरस्त्राण आणि मागे तीस पाहुणे घेऊन. हळूच म्हणाला, एक सर आली तरी वेली जातील, तुझ्याच. ते काय मला ठाऊक नव्हतं? आईनं पाठीवर आणलेली माती नदीत जाणार होती. तरी मी हाताची घडी सोडली नाही.

"आधी फलक काढ," मी म्हटलं. "मग दगड उचल."

त्यानं खिशातल्या चाकूनं स्क्रू काढले. मग दगड छातीशी धरून उचलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत फोल्करनं दगड खाली ठेवला, शिरस्त्राण काढलं. कपाळावर वळ उठला होता.

"टाळ्या नकोत," तो त्यांना म्हणाला. "हे रोमन नाही. हिच्या आईनं बांधलंय. मी आजवर खोटं सांगत आलो."

दोघंतिघं हिरमुसून कुंडांकडे परतले. एका बाईनं आईचं नाव विचारलं, ते मी सांगितलं. राग गेला नाही. एवढ्यानं जाणारा नव्हताच तो.

फोल्कर दगड बसवायला वाकला.

"लांब बाजू आत," मी म्हटलं. "आईनं तुला मळ्यात उभं केलं नसतं."