डावा बोर्ड

काकांनी सर्व्हर रूमच्या पोकळ जमिनीची चौकोनी लादी उचलून भिंतीला टेकवली आणि पालथं पडून खाली टॉर्च मारला.

"लेबल वाचू नका, काका. वायर हातात धरून टोकापर्यंत जा," नवी इंजिनिअर म्हणाली.

महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते आणि हॉस्पिटलचा सर्व्हर तिच्याकडे जाणार होता.

"अगं, लेबलं मीच चिकटवलीत."

"म्हणूनच म्हणतेय."

काका हसले. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते. सगळी कार्डं ज्या मोठ्या पाटीवर बसतात, त्या मागच्या बॅकप्लेनवर दोन्हींची वीज एकत्र येई. एक गेला तरी दुसऱ्यावर सर्व्हर चालू राही. एकाची वायर विजेच्या डाव्या बोर्डाला, दुसऱ्याची उजव्या. दर महिन्याच्या तपासणीच्या फॉर्मवर काका तसंच लिहीत आले होते.

पहिली वायर डाव्या बोर्डाला पोहोचली. दुसरी गुंत्यातून वळली आणि तीही डाव्याच बोर्डापाशी थांबली. काकांनी ती पुन्हा सुरुवातीपासून धरली.

गेल्या वर्षी दुरुस्तीच्या वेळी सर्व्हर बंद पडला होता. वीस मिनिटं एकाही वॉर्डात पेशंटची माहिती दिसत नव्हती. आपण फक्त डावा बोर्ड बंद केला, असं इलेक्ट्रिशियन चौकशीत पोटतिडकीने सांगत राहिला. पण काकांच्या फॉर्मप्रमाणे एका बोर्डाने सर्व्हर पडणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्याने दोन्ही बंद केले असणार. त्याची नोकरी गेली. तो काकांचा सख्खा मेहुणा. तेव्हापासून त्याने बहिणीच्या घरची पायरी चढली नव्हती. काकू जेवताना कधीतरी म्हणत, "त्या वायरी एकदा नीट बघून या ना." काका म्हणत, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"उजवीकडे लावून टाकते," इंजिनिअर हळूच म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही."

"हात लावू नकोस."

काका तसेच धुळीत बसले. त्यांनी फोन लावला.

"भावोजी? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"सर्व्हरच्या वायरी बघतोय. तुला एक सांगायचं..."

मेहुण्याने वाक्य मध्येच तोडलं.

"दोन्ही डाव्यालाच आहेत. हेच ना?"

"तुला माहीत होतं?"

"नोकरी गेल्यावर डोकं शांत झालं, तेव्हा उमगलं. दुसरं काही होऊच शकत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"ताई म्हणाली, त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलंय. म्हटलं ठीक आहे, पण वायरी तेवढ्या तपासून घ्यायला लाव." मेहुणा थांबला. "तिला काही बोलू नका हं."

काकांनी फोन खिशात टाकला. इंजिनिअर वायरीकडे हात नेऊन थांबली होती.

"आधी फोटो काढ," ते म्हणाले आणि बोर्डाशी वाकले. "माझा चेहरा येतोय ना, बघ."