पडद्यावरची बाई पाणी पीत होती

महिला दिन यंदा रमजानात आला, म्हणून आमच्या मंडळाने तो एप्रिलात साजरा करायचं ठरवलं. महिलांची काही हरकत नव्हती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सिनेमा सलीलने निवडला. सलील हा आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाच्या चित्रपट शाखेचा अध्यक्ष. अझैब्यात त्याचा व्हिला आहे, व्हिल्यात हॉल आहे आणि हॉलमध्ये भिंतभर पडदा आहे, त्यामुळे त्याची निवड दरवर्षी बिनविरोध होते. सिनेमा अमेरिकेतला होता. गोऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरणारी एक काळी बाई, तिला घरी नवरा मारतो, बाहेर गाव छळतं, पोलीस दाद देत नाहीत, आणि शेवटी ती कोर्टात उभी राहून सगळं बोलते. नाव इंग्रजी आणि लांब होतं. आम्ही त्याला ‘ते धुणंवालीचं पिक्चर’ म्हणत होतो.

आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. मंडळातल्या प्रत्येकाचे आईवडील आळीपाळीने व्हिजिट व्हिसावर येतात. आल्यावर पहिले आठ दिवस त्यांना मॉल दाखवतात. मग मॉल संपतात आणि व्हिसा उरतो. अशा वेळी त्यांना मंडळात आणून बसवतात. त्यांना अमेरिकन इंग्रजी कळत नाही, म्हणून ते पुढच्या रांगेत बसतात आणि शेजारी एक जण माइक घेऊन मराठीत सांगत राहतो. पडद्यावर इंग्रजी, माइकमध्ये मराठी. नायक, नायिका, खलनायक, न्यायाधीश, सगळे एकाच आवाजात. हे काम गेली काही वर्षं मधुवंती करत होती. ती शाळेत समाजशास्त्र शिकवायची, त्यामुळे कुणी ऐकत नसताना बोलत राहायची तिला सवय होती.

तिचा नवरा धनंजय लॅपटॉप सांभाळायचा. तो सोहारला पोलादाच्या कारखान्यात इंजिनीयर. गुरुवारी संध्याकाळी मस्कतला यायचा, शनिवारी परत जायचा. हसतमुख माणूस. कुणाचा वायफाय बिघडला की आधी धनंजयला फोन.

मधुवंतीच्या घरातलं एक कपाट फार वाईट होतं. त्याचं दार तिला लागायचं. कधी गालाला, कधी मनगटाला, आणि बहुतेक वेळा शुक्रवारच्या आसपास. कपाटं आम्हा सगळ्यांच्याच घरात होती. लागायचं फक्त तिला. मस्कतच्या उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायची आणि आमच्या बायका म्हणायच्या, किती ग्रेसफुल दिसतं.

यंदा धनंजयने ठरवलं होतं की दोन घरं पुरे झाली. शनिवारी मधुवंतीला आणि चिपळूणहून आलेल्या आपल्या आईला, माईंना, गाडीत घालून सोहारला कंपनीच्या क्वार्टरमध्ये न्यायचं. शाळेला सांगून झालं होतं. आजवर आठवड्यातले पाच दिवस तरी ती एकटी असायची. सोहारला सातही दिवस तो असणार होता, आणि शेजारी तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आदल्या आठवड्यात तिने मंडळाच्या खजिनदार श्यामलाताईंना फोन करून सांगितलं होतं, ताई, मी तिकडे गेले तर परत दिसणार नाही. श्यामलाताईंनी तिला प्राणायाम सुचवला होता.

सिनेमा शुक्रवारी दुपारी होता.

सलीलने सकाळीच ग्रुपवर सूचना टाकल्या. ज्येष्ठांच्या भावना लक्षात घेऊन दुभाष्याने शिव्या गाळाव्यात. वर्णद्वेषी शब्द आल्यास ‘सावळी’ म्हणावं. मारहाणीच्या प्रसंगी ‘मतभेद’ हा शब्द वापरावा. खाली एकोणीस जणांचे अंगठे.

सुरुवातीला त्याने भाषण केलं. भाषणात अन्याय हा शब्द इतक्या वेळा आला की पुढच्या रांगेतले एक काका घाबरून जागे झाले. सलीलच्या घरी काम करणारी जमिला झांझिबारची. “आपल्यातच वावरणारा हा जिवंत संदर्भ,” म्हणत सलीलने तिच्याकडे हात केला. टाळ्या झाल्या. मग जिवंत संदर्भाला बटाटेवडे तळायला आत पाठवण्यात आलं.

दिवे गेले. मधुवंती माईंच्या शेजारी माइक घेऊन बसली.

पहिला तास नेहमीसारखाच गेला. पडद्यावर नवरा दारू पिऊन आला आणि त्याने बायकोला भिंतीवर आपटलं. मधुवंती म्हणाली, “दोघांत मतभेद झाले.” पुन्हा आपटलं. “पुन्हा मतभेद झाले.” मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. आमच्याकडे रडणाऱ्या बायका चांगल्या आहेत, पुरुषही वाईट नाहीत. मालकिणीने कपड्याला डाग राहिला म्हणून तिला काहीतरी म्हटलं, ज्याला सलीलच्या सूचनेप्रमाणे ‘सावळी’ म्हणायचं होतं. मधुवंती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काळतोंडे.”

माईंनी मान वळवून सुनेकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे.

बाई पोलिसाकडे गेली. तो टेबलावर पाय ठेवून बसला होता. मधुवंतीने सांगितलं, “पोलीस म्हणतो, हे तुमचं घरचं प्रकरण आहे. आम्ही त्यात पडत नाही.” बाई तशीच परत आली आणि घराच्या पायरीवर बसली. शेजारची म्हातारी येऊन तिला विचारते, “कुणी मारलं तुला?”

इथे दिग्दर्शकाने बाईला काही बोलायला दिलेलं नव्हतं. ती नुसती बसते. मग बादलीतून पाणी घेते आणि सावकाश पिते. कॅमेरा हलत नाही. असे सिनेमे असतात.

माइक मात्र चालू होता.

“सांगते,” मधुवंती म्हणाली. “नवऱ्याने मारलं. काल. भाजीत मीठ बरोबर होतं. कंपनीत साहेब त्याला काहीतरी बोलला होता, आणि साहेबाला मारता येत नाही.”

“त्यांच्यातही भाजी करतात वाटतं,” मागचे काका पुटपुटले.

“पहिल्यांदा मारलं तेव्हा मी म्हटलं, कपाट लागलं. सगळ्यांना ते इतकं आवडलं की दुसरं काही शोधावं लागलं नाही. तो मला काळतोंडी म्हणतो. लग्नाआधी फोटो बघितला होता त्याने. रंग फोटोत होता. उद्या मला त्याच्या गाडीत बसून सोहारला जायचं आहे, आणि मला भीती वाटते.”

पडद्यावरच्या बाईचं पाणी अजून संपलं नव्हतं. पुढच्या रांगेत एक आजी पदराने डोळे पुसत होत्या.

“अगो,” माई मोठ्याने म्हणाल्या, “ती बाई तर पाणी पितेय. बोलतंय कोण?”

धनंजयने सिनेमा थांबवला. बाई तोंडाला भांडं लावून तशीच राहिली.

“काहीतरी टेक्निकल आहे,” धनंजय हसून म्हणाला. सलील ताडकन उठला. “मध्यंतर! वडे गरम आहेत, चला.”

आम्ही इतक्या तत्परतेने एरवी उठत नाही. मिनिटभरात टेबलाभोवती गर्दी झाली. वडे उत्तम झाले होते, चटणीत लसूण किंचित पुढे होता, यावर ताबडतोब एकमत झालं. कुणीतरी म्हणालं, भाषांतर आज फार आतून आलं. दुसरा म्हणाला, हो, पण सोहार घालायला नको होतं, सिनेमाचा काळ जुना आहे.

मधुवंती जागची उठली नव्हती. तिने माइकवर बोटाने टकटक केलं.

“हे भाषांतर नव्हतं,” ती म्हणाली. “माझं होतं. मी उद्या जाणार नाही. आज मला कुणाकडे तरी राहायचंय. कोण नेईल?”

मस्कतमध्ये मराठी माणसांची घरं मोठी आहेत. पाहुण्यांची खोली नसलेलं घर मंडळात तरी नाही. पण त्या दुपारी सगळ्या खोल्या भरलेल्या निघाल्या. कुणाचे सासरे होते. कुणाकडे रंगकाम चालू होतं. एकांचा एसी गेला होता, आणि ते सांगताना त्यांना खरंच घाम आला. आमच्याकडे त्या खोलीत मुलीचा पियानो आहे, असं मी म्हणालो. पियानो आहेच.

“मधू, तमाशा पुरे,” धनंजय म्हणाला. आवाज शांत होता. आमच्याकडे बघून तो माफी मागितल्यासारखं हसला, घरातलं माणूस लग्नात जास्त बोलायला लागलं की हसतात तसं. “हिला मायग्रेन आहे. चल, गाडीत बस.”

“मी गाडीत बसणार नाही.”

“हे बघा वहिनी,” सलील हातातली प्लेट सावरत म्हणाला, “हा तुमचा घरचा विषय आहे. मंडळाने यात पडणं योग्य दिसणार नाही.” हेच वाक्य पडद्यावरचा पोलीस नुकतंच बोलून गेला होता. सलीलने पाय टेबलावर ठेवले नव्हते, एवढाच फरक.

आतून कढईचा आवाज येत होता. धनंजय खुर्च्यांमधून वाट काढत मधुवंतीकडे निघाला, आणि ती खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसली. तेवढ्यात श्यामलाताईंनी आपली प्लेट खिडकीत ठेवली.

श्यामलाताई तडफदार बाई नव्हेत. वर्गणी मागतानासुद्धा त्या आधी सॉरी म्हणतात.

“आमच्याकडे चल,” त्या म्हणाल्या. “मवालेहला. खोलीत ट्रेडमिल आहे, ती हलवावी लागेल.”

“ताई, तुम्ही मध्ये येऊ नका, प्लीज.”

“मी मध्ये येत नाहीये रे. मी घरी चाललेय. माझे गुडघे सकाळपासून ठणकताहेत.” त्या खरोखरच लंगडत येऊन त्याच्या आणि खुर्चीच्या मध्ये थांबल्या. “बाजूला हो जरा, मला वळता येत नाही.”

“तिचा पासपोर्ट माझ्याकडे आहे.”

“असू दे. रविवारी एम्बसीत जाऊन सांगू, तुझ्याकडे आहे म्हणून. तिथून शाळेत जाऊ. गेल्या आठवड्यात फोन केला होता हिने मला. मी हिला नाकाने श्वास घ्यायला सांगितलं.” त्यांनी कुणाकडेच न बघता सुस्कारा टाकला. “ऊठ गं बाई. ट्रॅफिक लागायच्या आत निघू.”

धनंजयने आमच्याकडे पाहिलं. तो आमचाच माणूस होता, आणि आम्ही काहीतरी म्हणू अशी त्याची अपेक्षा गैर नव्हती. आम्ही वडे खात होतो. या वेळी आमच्या न बोलण्याचा उपयोग दुसऱ्या बाजूला झाला, एवढंच.

मधुवंतीने माइक बंद करून खुर्चीवर ठेवला. माईंपुढे ती वाकली. नमस्काराला वाकली असेल असं आम्हाला वाटलं, पण ती म्हणाली, “माई, बीपीच्या गोळ्या लाल डब्यात आहेत. सकाळची अर्धी.”

“माहितीये मला,” माई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

बायकांच्या पर्सा आतल्या बेडरूममध्ये पलंगावर ठेवलेल्या होत्या. मधुवंती दारापर्यंत गेली तोवर जमिला तिची पर्स घेऊन आली होती. हात पिठाचे होते म्हणून तिने ती कोपराला अडकवून आणली होती. “यल्ला, मॅडम,” ती म्हणाली आणि दार उघडून धरलं. बाहेरची गरम हवा आत आली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. श्यामलाताई रिव्हर्स घेताना नेहमी कशाला तरी घासतात, त्या दिवशीही घासल्या.

धनंजय बसला, उठला, पुन्हा बसला. फोन लावला. तो उचलला गेला नाही.

“आता काय करायचं?” कुणीतरी विचारलं.

सलीलने घड्याळ बघितलं. सिनेमाचा अर्धा तास बाकी होता, चर्चा व्हायची होती, आभार मानायचे होते. आणि आभाराच्या कागदावर दुभाषी म्हणून मधुवंतीचं नाव होतं, ते खोडायचं की ठेवायचं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

“पिक्चर पुरा करा,” माई म्हणाल्या.

“माई, घरी जाऊ या,” धनंजय म्हणाला.

“घरी जाऊन काय करू? लाव ते.”

तो लॅपटॉप घेऊन माईंच्या शेजारी बसला आणि त्याने लावलं. बाईने भांडं खाली ठेवलं. पुढचं सगळं आम्ही मराठीशिवाय बघितलं. पुढच्या रांगेतले म्हातारे ओठांच्या हालचालींवरून काय ते समजून घेत होते आणि मागच्या रांगेतले आम्ही, ज्यांना इंग्रजी येतं, ते मोबाइल बघत होतो. बाईवर चोरीचा आळ आला, तिला धरून नेलं, कोर्ट भरलं. गोऱ्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत ती उभी राहिली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच तिने बाही वर करून हात दाखवला.

माईंनी धनंजयच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

“काय म्हणतेय ती?”

धनंजय लॅपटॉपवर वाकला होता. “काही नाही, माई. असंच.”

“एवढा वेळ बोलतेय. काही नाही कसं?”

“मला नीट ऐकू येत नाहीये.”

“मग आवाज वाढव,” माई म्हणाल्या.