आप्पांनी दिलेला कायदा

मित्रांनो, माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरं कधीच उडून गेली, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी इंग्लंडच्या जमीन-कायद्याचा एक जुना, जाडजूड ग्रंथ. जन्म लंडनच्या छापखान्यातला, मुक्काम रत्नागिरीत, आप्पा वकिलांच्या कपाटात. इतर जुन्या वस्तू तुमच्यापाशी हेळसांडीचं रडगाणं गात असतील. माझी हेळसांड कुणीच केली नाही हो. तीच माझी खंत आहे.

आप्पांना स्वतःला बॅरिस्टर व्हायचं होतं. घरची जबाबदारी अंगावर पडली नि राहून गेलं. मग त्यांनी मला विलायतेहून मागवलं आणि वीस वर्षं वाचलं. खोत नि कुळांच्या भांडणात माझा काडीचा उपयोग नव्हता, तरी वाचलं. महत्त्वाच्या ओळीखाली तांबड्या शाईची रेघ, बाजूला मोडीत बारीक टीप. एक पान कधी दुमडलं नाही.

१९२४ साली त्यांचा भाचा आत्माराम बॅरिस्टरीला निघाला. त्याचा बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे तो आणि त्याची आई आनंदीबाई आप्पांकडेच असत. बोटीवर नेणाऱ्या पडावात पाय टाकायच्या आधी आप्पांनी मला त्याच्या हातात ठेवलं.

"माझं सगळं डोकं यात आहे. तिकडे दुसरं काही वाचलं नाहीस तरी चालेल, पण हा सोडू नको हां."

आत्मारामाने मला कपाळाला लावलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

लंडनची रीत मोठी अजब. बॅरिस्टर व्हायला परीक्षा तर हवीच, शिवाय काळा झगा घालून बॅरिस्टरांच्या संस्थेच्या मोठ्या दिवाणखान्यात ठरलेल्या वेळा जेवायला बसायचं. जेवणं कमी भरली तर सनद नाही! आत्माराम उकडलेले बटाटे नि पाव गिळून जेवणं भरत होता आणि थंडगार खोलीत खोकत खोकत मला वाचत होता. हिंदुस्थानी मुलांना जमीन-कायद्याऐवजी हिंदू कायद्याचा पेपर घेता येई. बहुतेकांनी तो घेतला. आत्मारामाने आप्पांसाठी माझाच विषय घेतला.

पंगतीत त्याच्यासमोर एक इंग्रज मुलगी बसे. बायकांना बॅरिस्टर होण्याची मुभा मिळून तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती, त्यामुळे ती दुप्पट अभ्यास करी. एकदा तिने मला चाळलं आणि म्हणाली, "हे अजून वाचतोस? पार्लमेंटने जमिनीचा कायदाच बदललाय. एक जानेवारी १९२६ पासून हे पुस्तक रद्दी."

रद्दी! मला असा संताप आला! पण पोरगी खरं बोलत होती. आत्माराम घाबरला. त्याच दिवशी त्याने आप्पांना पत्र टाकलं, की नवं पुस्तक घेऊ का, आपण सांगाल तसं करतो.

दीड महिन्याने उत्तर आलं. "कायदा म्हणजे काय सदरा आहे, दरसाल नवा शिवायला? मी दिलेला ग्रंथ पाठ कर. दुसऱ्या पुस्तकाला हात लावू नको."

तुम्ही म्हणाल, त्याने गुपचूप नवं पुस्तक घ्यायचं की! अहो, आप्पांचा शब्द मोडता येतो हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यातच तो हिवाळाभर अंथरुणाला खिळला, व्याख्यानं बुडाली. डॉक्टरने बजावलं, आणखी एक हिवाळा तुझी छाती सोसणार नाही, परत जा. म्हणजे परीक्षेची संधी एकच, १९२६ च्या उन्हाळ्यातली.

पेपर देऊन आला तो मला उघडून नुसता बघत बसला. प्रश्न होता: माणूस मृत्युपत्र न करता मेला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी, शेत कुणाचं? माझ्यात छापलं होतं, थोरल्या मुलाचं. त्याखाली तांबडी रेघही होती. त्याने तेच लिहिलं. नव्या कायद्यात बायकोलाही हक्क होता आणि मुलामुलींना सारखा वाटा. असे चार प्रश्न होते. आत्माराम नापास झाला.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तसा तो परतला. आप्पांच्या खोलीत पक्षकार बसले होते.

"नापास? कसा काय? मी दिलेला ग्रंथ उघडून तरी बघितलास?"

मी त्याच्या काखेत होतो. सांग रे बाबा, मी मनात ओरडत होतो, सांग की सगळा घोटाळा या ग्रंथानेच केला!

आत्माराम खाली बघत म्हणाला, "नाही उघडला."

"उंडगेपणा केलास, मेल्या!" आप्पांनी मला त्याच्याकडून हिसकावून घेतलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा कोर्टात गेल्यावर आनंदीबाईंनी लेकाला माझ्या कपाटापाशीच गाठलं. "खोटं का बोललास रे? तुझ्या पत्रांत तर याच ग्रंथाचं नाव असायचं."

"चारचौघांत त्यांचं चुकलं असं कसं सांगू, आई?"

"मग आता एकटे असताना सांग."

"सांगतो गो. जरा राग शांत होऊ दे."

पुढे आत्माराम कोर्टासमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देऊ लागला. आप्पा रोज त्याच्या समोरून जात, पण मान वळवत नसत. १९३० च्या पावसाळ्यात त्याच्या छातीच्या दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली आणि आठ दिवसांत पोर गेलं. भेटायला आलेल्या माणसांना आप्पा रडत रडत सांगत होते, "हुशार होता हो. एक पुस्तक उघडलं असतं तर..." आनंदीबाईंनी भावाकडे एकदा पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला आता काय सांगायचं, असंच त्यांना वाटलं असेल.

अजूनही आप्पा रोज सकाळी मला पंच्याने पुसतात. मला वाळवी नाही, कसर नाही. मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला फार जपलंय. कुणी मायेने तुमच्या हातात जुनं पुस्तक ठेवलं तर त्याचं साल बघा. त्यात काही चुकलंय असं दिसलं तर देणाऱ्याला त्याच दिवशी सांगा. ते चिडतील, दोन दिवस नीट जेवणार नाहीत. चिडू देत. आप्पांचा राग शांत व्हायची वाट बघत आत्माराम चार वर्षं गप्प राहिला, आणि आप्पांना आजही वाटतं, की त्या पोराने आपलं ऐकलं नाही.