माझ्या बॉनेटवर लिहिलेले साल

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. चार दारांची, कधीकाळी चंदेरी रंगाची. आता माझा रंग विचाराल तर चुलीतल्या राखेचा. डॅलस शहराच्या उत्तरेला, भाड्याच्या घरांच्या एका तीन मजली इमारतीमागे मी उभी आहे. माझे मागचे डावे चाक बसले आहे आणि पुढच्या काचेवर परवा कुणीतरी नारिंगी कागद चिकटवून गेले आहे. त्या कागदाचे शेवटी सांगेन.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला नाव दिले नाही, सतरा अक्षरांचा नंबर दिला. पहिली आठ वर्षे मी एका शाळेतल्या बाईंकडे होते. त्या मला दर रविवारी धूत आणि माझ्याशी बोलत. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी मला विकले. तेव्हा मी गाशे मुलुगेता यांच्याकडे आले आणि माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला.

गाशे म्हणजे आमच्या इथिओपियाच्या लोकांत वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक. मुलुगेतांना सगळी वस्ती गाशे म्हणे. मायदेशी त्यांनी अदिस अबाबा ते देसे या घाटाच्या रस्त्यावर बावीस वर्षे बस चालवली होती. इथे मात्र ते विमानतळाच्या गाडीतळावर काचेच्या खोक्यात बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून देत. घरी आले की ते माझ्यावरून हात फिरवत आणि माझे घड्याळ तपासत.

माझे घड्याळ सहा तास मागे असे. ते बिघडलेले नव्हते. आमच्या लोकांचा दिवस सूर्य उगवल्यावर मोजायला लागतो. इथले सकाळचे सात म्हणजे आमचा एक. तुमच्या पंचांगात शके वेगळा आणि सन वेगळा असतो ना, तसेच आमचे सालही इथल्या सालापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते. गाशे सगळ्यांना हसत सांगत, "इथे आलो म्हणून मी काय आठ वर्षांनी म्हातारा होऊ?"

या देशात नव्याने आलेल्या माणसाची मोठी पंचाईत असते. लायसन्सच्या परीक्षेला गाडी स्वतःची न्यावी लागते, आणि लायसन्स नसलेल्याकडे गाडी कुठून असणार? म्हणून गाशे मला देत. शिकवायलाही तेच, परीक्षेला न्यायलाही तेच. माझ्यात बसून त्रेचाळीस जण पास झाले. कुणी पास झाले की मरियमच्या चर्चच्या आवारात कॉफी भाजली जाई, तिच्यासोबत फुटाण्यासारख्या फुललेल्या मक्याच्या लाह्या येत, आणि मूठभर लाह्या माझ्यावरही उधळल्या जात. "हिच्या पायगुणाने झालं," असे बायका म्हणत. मला पाय नाहीत हे ठाऊक असूनही मी फुगून जात असे.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्कनेश आणि तिचा नवरा तादेले नुकतेच आले होते. त्यांची मुलगी मेकलित देसेला आजीकडे राहिली होती. इथे कायम राहण्याचा परवाना मिळाला की तिला आणता येणार होते. तो अर्ज गाशेच भरून देत; वस्तीतले निम्मे अर्ज त्यांच्या अक्षरातले होते. टेबल नव्हते, म्हणून कागद माझ्या बॉनेटवर पसरला होता. त्याच दिवशी सेनाइत नावाची एक बाई परीक्षा पास होऊन आली होती आणि आवारात आनंदीआनंद चालला होता.

गाशेंनी वर्कनेशचा बाप्तिस्म्याचा कागद पाहिला. आमचा दिवस आणि महिना त्यांनी बोटांवर मोजून इथल्या दिवसात आणि महिन्यात बदलला. आता साल. एवढ्यात सेनाइत इंजेराच्या भाकरीत मसालेदार डाळ गुंडाळून आली. आमच्यात आनंदाचा घास दुसऱ्याच्या तोंडात आपल्या हाताने भरवतात. त्याला नाही म्हणायचे नसते, आणि एकावर थांबायचेही नसते.

"गाशे, आ करा!"

"अगं, लिहितोय ना मी."

"लिहिणारा हात वेगळा, खाणारं तोंड वेगळं. आ करा म्हणते ना!"

गाशे हसले, त्यांनी तोंड उघडले आणि हात लिहीतच राहिला. पेनचे टोक माझ्या पत्र्याला कागदातून जाणवत होते. एक. नऊ. सात. नऊ. त्यात आठ मिळवायचे होते. मला कळले. पण मला भोंगा आहे, वाचा नाही, आणि भोंगाही दुसऱ्याने दाबला तरच वाजतो.

काही महिन्यांनी त्याच अर्जावरून वर्कनेशला काम करण्याचे कार्ड आले. त्यावर जन्मसाल एकोणीसशे एकोणऐंशी. तिला त्यात काहीच वावगे दिसले नाही. तिच्या आईने लहानपणापासून तिला हेच साल सांगितले होते.

त्या हिवाळ्यात तादेलेची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचे. ते केंद्र पंधरा मैलांवर. रुग्णांना नेणाऱ्या गाडीच्या यादीत त्याचे नाव लागत नव्हते आणि आठवड्यातून तीनदा टॅक्सी परवडणारी नव्हती. मग गाशे त्याला माझ्यातून नेऊ लागले. पण गाशेंना आता समोरचा सिग्नल दोन-दोन दिसे. डिसेंबरात त्यांच्या लायसन्सची मुदत संपणार होती आणि डोळे तपासल्याशिवाय नवे मिळणार नव्हते. त्याच्या आत वर्कनेशला लायसन्स मिळायला हवे, हे सगळ्यांना दिसत होते.

चर्चच्या रिकाम्या आवारात तिचे शिक्षण सुरू झाले.

"पोरी, ब्रेक आहे तो, झुरळ नव्हे. इतकं काय आपटतेस त्याच्यावर?"

"तुम्ही बस शिकलात तेव्हा किती शेळ्या मारल्यात, गाशे?"

"दोनच. एकीचा मालक अजून शोधतोय मला."

मागच्या सीटवर ब्लँकेट गुंडाळून बसलेला तादेले म्हणाला, "मला मोजू नका म्हणजे झालं."

मित्रांनो, मी त्रेचाळीस जण पास केले, पण असा हात मी पाहिला नव्हता. महिन्याभरात ती मला चार खांबांच्या मध्ये उलटी अशी घाली की खांबांना वारासुद्धा लागू नये. मागे आजारी माणूस बसला आहे हे तिच्या पायाला ठाऊक असे. खड्डा आला की ती मला हळूच उतरवी. ती नक्की पास होणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

जूनमध्ये आम्ही लायसन्सच्या ऑफिसात गेलो. मी बाहेर उन्हात उभी होते आणि गाशे माझ्यात बसून वाट पाहत होते. अर्ध्या तासात ती परत आली. तिने दार लावून घेतले आणि पासपोर्ट व कार्ड मांडीवर टाकले.

"काय झालं?" गाशेंनी विचारले.

"पासपोर्टावर सत्त्याऐंशी आहे आणि कार्डावर एकोणऐंशी. खिडकीवरची बाई म्हणाली, यातल्या तुम्ही कोण? मी म्हटलं, दोन्ही मीच."

"मग?"

"म्हणाली, ज्यांनी कार्ड दिलं त्यांच्याकडून आधी तारीख जुळवून आणा. तोवर परीक्षासुद्धा नाही."

गाशेंनी कार्ड डोळ्यांजवळ नेले. "एकोणऐंशी. बरोबर आहे की..." असे म्हणता म्हणता ते थांबले. "अरे देवा. हे तर आपलं साल. हे मी लिहिलं."

"असू दे, गाशे."

"असू दे काय? वीस वर्षं लोकांचे कागद लिहितोय मी. एकाचं साल चुकलं नाही."

"मला फॉर्म वाचताही येत नव्हता. तुम्ही होतात म्हणून भरला गेला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच गाशेंना रडू आवरेना. बॉनेट माझे होते. मला रडताही आले नाही.

दुरुस्तीचा अर्ज गेला. बाप्तिस्म्याचा कागद, त्याचे भाषांतर, दोन साक्षीदारांच्या सह्या. पाच महिन्यांनी उत्तर आले की फाइल तपासणीसाठी बाजूला काढली आहे. अर्ज पाहणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "आता पुन्हा पुन्हा लिहू नका. वय लपवलं असा संशय आला तर राहण्याचा अर्जही जाईल. थांबा." किती थांबायचे ते त्यांनाही सांगता आले नाही.

डिसेंबरात गाशेंचे डोळे तपासले. वर्कनेशने कुठूनतरी तक्ता मिळवून त्यांच्याकडून अक्षरे पाठ करून घेतली होती. तिथे दुसरीच अक्षरे निघाली. दिसत होते तिला आणि परवाना होता त्यांना; आता तोही राहिला नाही.

वस्तीने पाळ्या लावल्या. यादी तादेलेच्या फ्रिजवर चिकटवली. सेनाइतने सोमवार घेतला आणि तो कधी चुकवला नाही. बाकीचेही पहिले दोन महिने वेळेवर आले. पुढे कुणाची कामाची पाळी वाढली, कुणाचे मूल तापले, कुणाची गाडीच बंद पडली. कुणी वाईट नव्हते, सगळे दोन-दोन नोकऱ्या करणारे होते. कुणी आले नाही की दोघे बसने जात. दोनदा बस बदलायची, जायला अडीच तास. यंत्रावरून उतरलेला माणूस थांब्याच्या कठड्यावर डोके गुडघ्यांत घालून बसे. असे होता होता आठवड्याच्या तीन वारांचे दोनच झाले. डॉक्टरीण ओरडली. ओरडून वार वाढत नाहीत.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी पुन्हा कुणी आले नाही. वर्कनेश गाशेंकडून माझी किल्ली घेऊन आली. तिने तादेलेला पुढे बसवले, त्याचा पट्टा लावला, मला सुरू केले आणि जागेवरून बाहेर काढले. मी किती दिवसांनी हलत होते! मला वाटले, चल बाई, काय होईल ते होवो.

"थांब," तादेले म्हणाला.

"रस्ता मोकळा आहे."

"रस्ता मोकळाच असतो गं. पोलिसानं अडवलं तर दाखवशील काय? साल कुठलं सांगशील?"

"मग तू असाच सुजत बसणार?"

"मेकलितला आणायचंय ना?"

तिने मला दोन गाड्यांच्या मध्ये एका दमात परत उलटे घातले, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. परीक्षकाने पाहिले असते तर पुरे गुण दिले असते. पाहायला कुणी नव्हते.

त्यानंतर मी हलले नाही. माझी वर्षाची नोंदणी संपली, विमा संपला. नोंदणी नसलेली गाडी इथे ठेवता येत नाही, म्हणून तो नारिंगी कागद. उद्या ट्रक येईल आणि मला भंगारात नेईल. धूळ बसलेल्या माझ्या अंगावर शेजारची मुले बोटाने चित्रे काढतात. माझ्या सीटखाली अजून त्रेचाळीस आनंदांच्या लाह्या सापडतील. चव्वेचाळिसाव्याची एकही नाही.

आज सकाळी, आमचा एक वाजला तेव्हा, ती तिघे आली. तादेले मागे बसला. बूट त्याच्या सुजलेल्या पायांत आता जात नाहीत. तो सपाता घालून आला होता. गाशे चाचपडत पुढच्या सीटवर बसले. वर्कनेशने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन बंदच होते.

"परीक्षा सुरू," गाशे परीक्षकाच्या आवाजात म्हणाले. "सिग्नल कसा आहे? मला दिसत नाही."

"हिरवा आहे, गाशे."

"मग निघ."

इथून उजवीकडे, पेट्रोल पंपापाशी डावीकडे, मग पुलाखालून सरळ. पंधरा मैलांचे प्रत्येक वळण तिला पाठ होते. प्रत्येक वळणाला ती इंडिकेटरची दांडी खालीवर करत होती. माझी बॅटरी उतरलेली, त्यामुळे दिवा लागत नव्हता. मागून तादेले म्हणाला, "आलं केंद्र. हळू घे." तिने ब्रेक दाबला, अगदी हळू.

गाशेंनी मान हलवली. "पास," ते म्हणाले. त्यांनी खिशातून पुडी काढली. इंजेराचा एक घास बांधून आणला होता. त्यांनी तो तिच्यापुढे धरला. वर्कनेशने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि मगच तोंड उघडले.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. मला धुऊ नका, पुसू नका. लोखंड वितळेल आणि दुसरे काही होईल. वर्कनेशची तारीख जुळेल असे मला वाटत नाही, आणि जुळली तरी तादेलेच्या कामी येईल असेही वाटत नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी, तुमच्या अंगणात कुणी दुसऱ्याचे जन्मसाल लिहीत असेल, तर आनंद कितीही मोठा असू द्या, घास हातात थोडा धरून ठेवा. आधी पेन खाली ठेवू द्या.